शाळा सुटल्यावर, आई-बाबा येईपर्यंत



‘नोकरी करणाऱ्या पालकांची मुलं’ या विषयावर मला बोलायला सांगितलंय. विषय मोठा आहे, म्हणून मी एकाच तुकड्यावर बोलते: शाळा सुटल्यापासून घरी कोणी मोठं माणूस येईपर्यंतचे चार-पाच तास.

आपली दहावी १९९६ची. वाशीला लोकल आली १९९२ साली, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांचे आई-वडील दोघंही मुंबईला नोकरीला जायचे. किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. काकू काही आपल्यामागे फिरत नव्हत्या, पण दिवेलागणीला दिसलो नाही तर हाक यायचीच. ही सोय आपल्याला फुकट मिळाली, कारण काकू घरी होत्या. आज त्याही ऑफिसला जातात, आणि ते चांगलंच आहे. फक्त त्यांच्या जागी आपण कोणालाच नेमलेलं नाही.

नेमला तो कॅमेरा. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं. त्यानंतर आपण सगळे हादरलो, ते योग्यच होतं. पण मी याच क्षेत्रातली आहे म्हणून सांगते, कॅमेरा झालेलं दाखवतो. पडलेल्या मुलाला तो उचलत नाही. मुलांवर लक्ष ठेवणं वेगळं आणि मुलांकडे कोणाचं तरी लक्ष असणं वेगळं.

कायदाही अर्ध्यावर थांबतो. १९४८च्या कारखाने कायद्यातलं पाळणाघर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी होतं. २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं, पण तीही दुरुस्ती मातृत्व लाभ कायद्यातली होती. मूल पहिलीत गेलं की दुपार आईची! आपल्या बॅचच्या मुलींशी बोलताना हेच ऐकलं: पाळणाघर होतं तोवर निभावलं, मूल शाळेत जायला लागलं आणि नोकरी सुटली.

मग लक्ष किती हवं? माझं गणित साधं आहे. दहा वर्षांपर्यंत मोठं माणूस त्याच जागेत हवं. दहा ते तेरा, हाकेच्या अंतरावर. त्यापुढे, कुठे आहे आणि कधी येणार हे ठाऊक असलं, अडचणीला एक दार ठरलेलं असलं की पुरे. यापेक्षा जास्त पहारा केला तर मूल स्वतःचं दार उघडायलाही शिकणार नाही.

हे जमतं का? मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था १९७२पासून बांधकाम मजुरांच्या मुलांना कामाच्या जागीच सांभाळते, शिकवते, आणि त्यांत शाळेच्या वयाची मुलंही असतात. बांधकामाच्या पत्र्याच्या खोलीत जे जमतं, ते आपल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये का जमू नये? दुपारी ते बंदच असतं. आठ-दहा घरांनी मिळून एक चांगल्या पगाराची ताई ठेवावी. दुपारी तीन ते सात, खाणं, खेळ, थोडा अभ्यास. पाळी लावून रोज एका घरातला एक मोठा माणूस तिथे डोकावेल, आणि त्या यादीत बाबांचीही नावं असतील.

पुढच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या आधी हा विषय मांडा, एवढीच विनंती. निवृत्त झालेल्या आपल्या बाईंनी आणि सरांनी आठवड्यातून एक दुपार दिली, तर मुलांचं भाग्यच.