फट बुजवा, पण दिवाळीनंतर

(रौप्यमहोत्सवी वर्षातील विशेष सभेत एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



पंचवीस वर्षांत या सभेत मी बहुतेक वेळा हिशेबावरच बोललो. बँकेत आयुष्य गेलेला माणूस दुसरे काय बोलणार! आज मात्र मेंटेनन्स न भरणाऱ्या आणि सभेलाही न येणाऱ्या रहिवाशांबद्दल बोलतो. आपल्या दोन विंगांमधल्या फटीत राहणारी छोटी वटवाघळे, म्हणजे पाकोळ्या.

तक्रार खरी आहे. जिन्यात लेंड्या पडतात, वास येतो. राजूरचा पाऊस तोंडावर आहे, भिंतीच्या भेगा भरताना ही फटही बुजवून टाकू, असा प्रस्ताव आहे. मी म्हणतो, बुजवा; पण आत्ता नको.

नोकरीत असताना एका गावी आम्ही कौलारू घरात भाड्याने राहत होतो. माळ्यावर पाकोळ्या होत्या. पावसाच्या सुरुवातीला एका संध्याकाळी त्या बाहेर पडल्यावर मी भोके बुजवून घेतली. एकही जीव न मारता काम झाले, असे मला वाटले. रात्री आया परत आल्या आणि बुजवलेल्या भोकांभोवती घिरट्या घालत राहिल्या. आत पिल्ले चिरकत होती. तिसऱ्या रात्री आवाज थांबला. मग वास सुटला. आमच्या सौ. आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि बरोबरच होते.

उन्हाळा-पावसाळ्यात अनेक जातींची पिल्ले आईच्या दुधावर असतात, त्यांना उडता येत नाही. बँकसुद्धा थकबाकीदाराच्या दाराला कुलूप लावण्याआधी नोटीस देते. इथे तर थकबाकीही नाही. उलट रात्रभर डास आणि भातावरचे किडे खाऊन ती आपलेच काम करतात.

दिवाळीनंतर, कडाक्याची थंडी पडण्याआधी, पिल्ले नाहीत याची खात्री करून काम करावे. संध्याकाळी पाहावे, ती नेमकी कुठून बाहेर पडतात. ती एक जागा सोडून बाकीच्या भेगा भराव्यात. त्या जागेवर बारीक जाळी वरून आणि बाजूंनी पक्की करून, खाली मोकळी, हात-दीड हात लोंबती सोडावी. पाकोळी खालून सरकत बाहेर येते, पण परत आत शिरता येत नाही. आठवडाभर जाळी ठेवून, कोणी उरले नाही हे पाहून मग सिमेंट भरावे. लेंड्या कोरड्या झाडू नका. तोंडाला फडके बांधून, पाणी शिंपडून पुसा.

घरात पाकोळी शिरली तर पंखा बंद करा, आतले दार लावा, खिडकी उघडा, दिवा मालवा आणि थांबा. ती केसात अडकत नाही, घरावर संकटही आणत नाही. रक्त पिणाऱ्या तीनच जाती आहेत, त्याही अमेरिका खंडात. जमिनीवर पडलेली दिसली तर जाड हातमोजे घालून खोक्यात घ्या आणि अंधार पडल्यावर उंचावर ठेवा. बऱ्याच जातींना जमिनीवरून उडता येत नाही.

भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या. म्हणून मुलांनो, उघड्या हाताने वटवाघळाला शिवायचे नाही. चावले किंवा ओरखडले तर जखम पंधरा मिनिटे साबणाने धुवून लगेच दवाखाना गाठायचा. रेबीजची लस लागते. पण लांब राहणे वेगळे आणि जीव घेणे वेगळे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणारी वटवाघळे उपद्रवी ठरवली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. पन्नास वर्षांनी कायद्याला जे उमगले, त्यासाठी आपण पाच-सहा महिने थांबू शकतो. तोवर जिन्यात प्लायवूडची फळी आडवी लावू, खर्च माझ्याकडे.



(सभेने ही सूचना मान्य केली. फळीचा खर्च मात्र संस्थेने केला. — संपादक मंडळ)