गाद्याच्या घरी पाहुणे

(गगनबावड्याच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



गेल्या आठवड्यात आपण वर्गात एक धडा वाचला. धडा गंगेतल्या डॉल्फिनचा होता. डॉल्फिन दिसतो माशासारखा, पण तो मासा नव्हे. गाईम्हशींसारखा तो पिलाला दूध पाजतो. त्याचे नाक डोक्यावर असते. श्वास घ्यायला त्याला पाण्याच्या वर यावेच लागते. गंगेतल्या डॉल्फिनला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. तो आवाज करतो. आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. त्यावरून तो वाट ओळखतो. आपण घाटात हाक मारतो आणि डोंगर ओ देतो, तसेच हे.

धडा संपला आणि कोणी तरी म्हणाले, "हे बघायला जायचं का?"

दुसऱ्याने विचारले, "गंगेत हाय, मग पंचगंगेत का न्हाई?" सगळे हसले. पण प्रश्न चांगला होता. आपली कुंभी पंचगंगेला मिळते. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. या नद्यांत डॉल्फिन नाही. तो गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांना मिळणाऱ्या नद्यांत राहतो. त्याला बारमाही खोल पाणी लागते. २००९ साली सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवले. देशातल्या नद्यांतल्या डॉल्फिनची मोजणी झाली, तिचा आकडा मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला. आकडा होता ६,३२७. एखाद्या मोठ्या गावात जेवढी माणसे, तेवढेच डॉल्फिन साऱ्या देशाच्या नद्यांत!

तिकडे दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉन नावाची अफाट नदी आहे. तिला पूर आला की काठचे रान पाण्यात बुडते. मग गुलाबी रंगाचे डॉल्फिन झाडांच्या बुंध्यांमधून पोहतात. ऐकायला नवल वाटते. पण तेथे कोण जाणार? बिहारात गंगेवर जायचे तरी रेल्वेचा लांबचा प्रवास आहे. खर्चही पेलणार नाही.

मग बेत सोडायचा का? नाही. आपण नकाशा उघडला. डॉल्फिन आपल्या घाटाखालच्या समुद्रातही आहे. मालवणकडे त्याला गादा म्हणतात. त्याची जात गंगेतल्याहून निराळी. याच्या पाठीवर उंचवटा असतो. तो खोल समुद्रात फारसा जात नाही. किनाऱ्याजवळ आणि खाड्यांच्या तोंडाशी फिरतो. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या बाजूला गादा दिसतो.

आता बेत कसा करायचा, ते ऐका.

पहिली गोष्ट, दिवस कोणते? पावसाळ्यात समुद्र खवळतो, सहलीच्या होड्या बंद असतात. म्हणून भाताची सुगी आटोपल्यावर, थंडीच्या दिवसांत जायचे. वेळ सकाळची. तेव्हा वारा कमी असतो, पाणी शांत असते. शांत पाण्यात पाठ वर आलेली लांबून दिसते. म्हणजे आदल्या दिवशी जाऊन मालवणला मुक्काम हवा.

दुसरी गोष्ट, वाट. करूळ घाट उतरून वैभववाडी, मग तळेरे, कणकवली आणि मालवण. घाट चालू आहे की नाही, हे निघण्याआधी विचारून घ्यायचे. २०२४ साली रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट बंद होता, हे आपण सर्वांनी भोगले आहे. एसटीचे वेळापत्रक स्टँडवर लावलेले असते. ते या वेळी आपणच वाचायचे आणि वहीत उतरवून आणायचे.

तिसरी गोष्ट, पैसा. वहीत पाच ओळी आखा. एसटी, मुक्काम, जेवण, होडी आणि अडीनडी. दोन दिवसांची मजुरी बुडेल, तीही लिहा. ती खर्चात धरली नाही, तर हिशेब खोटा होतो.

या हिशेबावर एक आक्का उठल्या. साठीच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, "घाटाच्या तोंडाशी जन्म गेला, पण समुद्र काही बघितला न्हाई. घरात विचारलं, तर म्हणाले, नुसतं बघायला एवढा पैसा कशाला?"

आम्हांला लगेच उत्तर सुचले नाही. तेवढ्यात मागे बसलेले एक तात्या बोलले. ते म्हणाले, "शहरची माणसं आपल्याकडं गवा बघाय येत्यात. गवा दिसला की टाळ्या वाजवत्यात, फोटो काढत्यात. त्याच गव्यानं आमचा ऊस तुडवलेला असतोय, ते कुणी विचारत न्हाई. आपण जाऊन तसंच करणार असलो, तर न गेलेलं बरं."

मंडळी, त्या दिवशी वर्गात याहून शहाणे बोलणे झाले नाही.

आपल्या उसात जसा गवा, तसा तिकडच्या गाबीत कोळ्यांच्या जाळ्यात गादा. जाळ्यातले मासे तो ओढतो, जाळे फाडतो. नुकसान कोळ्याचे होते. कधी गादा स्वतःच जाळ्यात अडकतो. मग त्याला श्वासाला वर येता येत नाही, आणि तो पाण्यातच गुदमरून मरतो. दोघांचेही मरण आहे. १९७२ च्या कायद्याने गव्याला आणि गाद्याला मारणे गुन्हा आहे. पण नुसत्या कायद्याने गरिबाचे पोट भरत नाही. म्हणून २०१८ साली राज्य सरकारने एक योजना काढली. असा जीव जाळ्यात सापडला आणि जाळे कापून त्याला सोडला, तर कोळ्याला जाळ्याची भरपाई द्यायची. आपण तेथे गेलो, की कोळ्यांजवळ बसून हे सगळे विचारायचे. आपल्या गव्याचे त्यांना सांगायचे. नुसते बघायला जाणे आणि समजून घ्यायला जाणे, यांत फरक आहे.

म्हणून जायचे ते पाहुणे होऊन. पाहुण्याने पाळायच्या चार गोष्टी आहेत.

एक. होडीवाल्याला आधीच सांगायचे, "दादा, गादा दिसला तर इंजिन हळू करा, त्याच्या मागे लागू नका." होडी अंगावर गेली की आई आणि पिलू यांची ताटातूट होते. लांबून दिसले तेवढे पुरे.

दोन. होडीत किती माणसे बसवायची परवानगी आहे, ते विचारायचे. लिहिलेले असेल तर वाचायचे. तरंगते जाकीट अंगात घालूनच बसायचे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटली आणि दोन माणसे दगावली. माणसे जास्त दिसली, तर आपण उतरायचे. पैसे गेले तरी चालतील.

तीन. ओरडायचे नाही. पाण्यात खाण्याचे टाकायचे नाही. प्लॅस्टिकची पिशवी तर घाटातसुद्धा टाकायची नाही. घाटाच्या पश्चिमेचे पाणी कोकणात उतरते आणि समुद्राला मिळते. आपण वर टाकलेले खाली कोणाच्या तरी तोंडात जाते.

चार. गादा दिसेलच, अशी हमी कोणी देणार नाही. दिला तर तो खोटा. गादा काही बांधलेले जनावर नव्हे. दिसला नाही, म्हणून होडीवाल्याशी भांडायचे नाही.

आता आक्कांच्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. नुसते बघायला पैसा कशाला? आम्हांला वाटते, जे पाहिले नाही त्याची काळजी वाटत नाही. घाटाखाली कोण राहते, त्याचे पोट कशावर चालते, आपल्या पाण्याचे पुढे काय होते, हे डोळ्यांनी पाहिले की माणूस वेगळा वागतो. ज्याला हे पटत नाही, त्याने येऊ नये. त्यात कमीपणा नाही. कर्ज काढून तर कोणीच येऊ नये. आजपासून दर आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकू. जमले तर याच थंडीत, नाही तर पुढच्या.

भिंतीवर यादी लावली आहे. नाव दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे नाही. ज्याचे त्याने लिहायचे. पहिले नाव लागले आहे. अक्षरे थोडी वाकडी आहेत, पण वाचता येतात. आक्कांनी ते काल घरी विचारून, आज सकाळी स्वतःच्या हाताने लिहिले.