नर्सिंगची पदवी आणि आपल्या लेकी
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने आम्हाला नर्सिंगच्या शिक्षणावर बोलायला सांगितले. आम्ही म्हणजे ह्याच वस्तीतल्या तिघी. एक जण एएनएम होऊन उपकेंद्रावरून निवृत्त झाली. दुसरीने जीएनएम केले आणि नोकरीत असताना 2 वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेतली. तिसरीने थेट 4 वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग केली. भाषणाची सवय कुणालाच नाही. तिघींनी मिळून लिहिलंय, वाचतेय एक जण. चुकलं-माकलं पदरात घ्या.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. आमच्यापैकी पदवीवाल्या मुलीचा प्रवेश झाला त्या संध्याकाळी तिचे वडील जेवले नाहीत. म्हणाले, "1927 साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढायची सोडा, घाणीचं काम सोडा. आन माझी शिकलेली पोरगी आता लोकांचं हगणं-मुतणं काढणार?" आई रडायला लागली. शेजारच्या आत्याबाईंनी रात्रपाळीचा आणि लग्नाचा विषय काढला, तो वेगळाच.

वडिलांचा प्रश्न खोटा नव्हता. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामात गेल्या, त्या कामाचा वास अजून नाकातून गेलेला नाही. म्हणून ह्या प्रश्नाला हसून उत्तर देऊन चालणार नाही. आम्हाला उत्तर सापडलं ते वॉर्डात.

पहिल्या वर्षी बेड करणं, रुग्णाला अंथरुणातच पुसून घेणं, भांडं देणं हे शिकवतात. पहिल्या दिवशी आमचाही घास घशाखाली उतरला नाही. पण तिथल्या सिस्टर म्हणाल्या, नुसतं काढू नका, बघा. शौचाचा रंग डांबरासारखा काळा आणि चिकट असेल तर वरच्या पोटात रक्तस्राव होत असण्याची शंका घ्यायची. भाताच्या पेजेसारखं पाणी असेल तर कॉलरा मनात आणायचा. लघवी किती झाली ते मोजून लिहायचं, कारण मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं. पाठ पुसताना माकडहाडापाशी कातडी लाल दिसली, बोटाने दाबून लाली गेली नाही, तर ती जखमेची सुरुवात. मग दर 2 तासांनी कूस बदलायची. हे डॉक्टरांच्या आधी नर्सला दिसतं, कारण ती तिथे असते. ज्याला घाण म्हणतात ती आमच्यासाठी बातमी असते. जन्मामुळे गळ्यात पडलेलं काम आणि शिकून, समजून, स्वतःच्या सहीने करायचं काम ह्यांत हा फरक आहे. वडिलांना हे सांगायला आम्हाला 2 वर्षं लागली, ही गोष्ट निराळी.

आणि भगवंतांनी स्वतः काय केलं? विनयपिटकातल्या महावग्गात प्रसंग आहे. पोट बिघडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता, कुणी बघत नव्हतं. भगवंतांनी पाणी ओतलं, आनंदांनी धुतलं, मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर ठेवलं. (दोघांनी मिळून उचलायचं, हे आम्हालाही पहिल्या वर्षात शिकवतात!) त्याच ग्रंथात चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याची पाच लक्षणं सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता यावं, काय सोसतं काय सोसत नाही हे कळावं, लाभासाठी नाही तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र-थुंकी-ओकारीची किळस करू नये, आणि रुग्णाला धीराचे चार शब्द सांगता यावेत. आमचा पदवीचा अभ्यासक्रम ह्याहून फार लांब नाही.

आता अभ्यासाचं सांगतो. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, पुढे बालआरोग्य, मानसिक आरोग्य, प्रसूतिशास्त्र, सामुदायिक आरोग्य, शेवटी संशोधनसुद्धा. 2021 च्या नियमांनी 4 वर्षांची 8 सेमिस्टर झाली. आपल्या राज्यात बहुतेक कॉलेजं 1998 साली नाशिकला स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. मराठी शाळेतल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातात. 206 हाडं, सगळी इंग्रजी नावं. आम्ही काय केलं, तर घरातल्या धाकट्या भावाच्या अंगावर खडूने हाडं लिहून पाठ केली. गणितही लागतं. अर्धा लीटर सलाईन 4 तासांत जायचं, सेट 1 मिलीलीटरला 20 थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती? सुमारे 42. हे रात्री 3 वाजता झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे.

पण मुलीला पाठवताना डोळे उघडे ठेवा. वस्तीतल्या एका आईने गळ्यातलं गहाण ठेवून मुलीला 1 वर्षाच्या 'नर्सिंग कोर्स'ला घातलं. प्रमाणपत्र छान रंगीत मिळालं. पण त्या कोर्सवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीच होत नाही. आज ती पोरगी दवाखान्यात मावशीच्या पगारावर काम करते. सगळं काम नर्सचं, सही मात्र दुसरीची. बोर्डावर काय लिहिलंय ते पाहू नका. इंडियन नर्सिंग कौन्सिल, राज्य कौन्सिल आणि विद्यापीठ, तिन्ही ठिकाणी कॉलेजचं नाव आहे का ते बघा.

एएनएम, जीएनएम कमी आहे असं आम्ही म्हणणार नाही. आमच्यातल्या दोघींची घरं त्यावर उभी राहिली. तरी फरक आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला पदवीवाली थेट बसते, जीएनएमवालीला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पुढे एम.एस्सी. करून शिकवायचं, तरी आधी पदवीच लागते.

म्हणून दहावीनंतर सायन्स घ्या. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी पाहिजे. गुण 45 टक्के, आपल्याला 40. वय 17 पूर्ण. राज्याची सीईटी द्यावी लागते. जातीचा दाखला आणि पडताळणी बारावीतच करून ठेवा, निकालानंतर धावपळ करू नका. प्रवेश कॅप राउंडमधूनच घ्या, म्हणजे शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप बघा. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा. आणि हो, मुलग्यांनाही प्रवेश असतो. इथे मागे उभी असलेली पोरं हसताहेत, त्यांना मुद्दाम सांगतोय.

रात्रपाळीचं राहिलं. आत्याबाई, रात्रपाळी असते. आमच्यातल्या तिघींचीही लग्नं झाली.

ते वडील आज पुढच्या रांगेत बसलेत. मागच्या वर्षी ते पडले, पाय मोडला, 6 आठवडे अंथरुणावर होते. कूस कधी बदलायची हे आता ते स्वतःच घड्याळ बघून सांगतात.

फॉर्म भरायच्या दिवसांत दर रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही इथेच वाचनालयात बसू. मार्कशीट, दाखले आणि आधार कार्ड घेऊन या. आईबापांनी सोबत यावं, मुलीला एकटीला पाठवू नये. प्रश्न जास्त तुमचेच असतात.

जयभीम!