लेकीचं पोस्टर आणि आपली ओटी

फुलसावंगीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज कर्जाचं नाही, हप्त्याचंही नाही. आज ‘आविष्कार’बद्दल बोलायचं आहे.

आविष्कार म्हणजे कॉलेजच्या पोरापोरींचं संशोधन संमेलन. 2006 पासून आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचं ते भरतं. आधी जिल्ह्याची फेरी, मग अमरावतीला आपल्या संत गाडगे बाबा विद्यापीठाची, आणि तिथं निवड झाली तर राज्याची. शेती-जनावरं, औषधं, यंत्रं, विज्ञान, व्यापार-कायदा, भाषा-समाज असे सहा गट असतात. बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्यांचा स्तर वेगळा, म्हणजे आपल्या पोरीला पीएच.डी.वाल्यांशी झुंजावं लागत नाही. पोस्टर लावायचं, शेजारी उभं राहायचं. परीक्षक येतात आणि विचारतात, हे तुला कसं कळलं?

आमच्या गटातल्या एकीच्या लेकीनं विषय घेतला कापूस वेचणीचा. दिवसभर ओटी बांधून वेचायचं, बोंडांनी बोटं सोलायची आणि संध्याकाळी काट्यावर वजन दुसऱ्यानं करायचं. ते वजन बाई स्वतः पाहते का, एवढंच तिला विचारायचं होतं. कागद घेऊन ती दारोदार आली, तर आम्ही सगळ्या गप्प. उद्या वावराचा मालक कामाला बोलावेल का, ही भीती. पोर म्हणाली, नाव लिहिणार नाही, गावातही सांगणार नाही, आणि नको वाटलं तर उत्तर देऊ नका. मग एकेक बाई बोलू लागली. कुणीही कागद घेऊन आलं तर हे आधी विचारायचं बरं का, लेक असो की साहेब.

अमरावतीला जायची वेळ आली तेव्हा घरात खरी अडचण उभी राहिली. ऐन वेचणीचे दिवस, दोन हात कमी, वर परगावी मुक्काम. बाप नाही म्हणाला. आम्ही चौघी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. भांडलो नाही. सोबत कोणत्या मॅडम आहेत, मुलींची राहायची सोय कुठं आहे, हे कॉलेजातून विचारून आणलं. एसटीत 2023 च्या मार्चपासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेही सांगितलं. वेचणीचे तिचे दोन दिवस आम्ही वाटून घेतले. मग तो पाघळला.

तुम्हाला आठवत असेल, ऑगस्ट 2021 मध्ये आपल्याच गावच्या एका तरुण कारागिरानं स्वतः हेलिकॉप्टर बनवलं आणि चाचणीत पातं तुटून त्याचा जीव गेला. हुशारी आपल्याकडं कमी नाही. पण जाणत्या माणसांपुढं काम मांडून आधी त्यांचे प्रश्न ऐकावेत, अशी जागा प्रत्येकाला कुठं मिळते? पोरींना ती कॉलेजातून मिळते आहे.

तिला बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांनी विचारलं, बायांनी वजन पाहायला मागितलं तर काय होतं? त्याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. परत आल्यावर तोच प्रश्न तिनं आमच्यापुढं ठेवला. पुढच्या वेचणीला आम्ही पाच जणी काट्याजवळ उभ्या राहणार आहोत, आणि काय होतं ते ती लिहून ठेवणार आहे.