हेमलकशाचा रोग आणि जिनिव्हाचा ठराव



हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तो मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे येणारे माडिया रुग्ण हिवतापाने गांजलेले असत. या जंगलपट्टीत हिवतापाच्या जोडीला सिकलसेलही आहे, आणि हा योगायोग नव्हे. सिकलसेलचा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर तो जीवघेण्या हिवतापापासून काही अंशी रक्षण करतो, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. दोघांकडून आला, तर मात्र मूल जन्मभर वेदना आणि रक्तक्षय भोगते.

विज्ञानाला हा रोग मुळीच अपरिचित नाही. रेणूच्या घडणीतील दोषामुळे होणारा रोग म्हणून लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्येच त्याची ओळख पटवली. परंतु वेदनेचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया, जे कर्करोगावरचे जुनेच औषध आहे, ते या रोगासाठी अमेरिकेत मान्य होण्यास १९९८ साल उजाडले. पुढे २०२३ च्या अखेरीस जनुक-संपादनाचा उपचार मान्य झाला. त्याची अमेरिकेतील किंमत माणशी २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे अठरा कोटी रुपये!

यात बुद्धीचा तुटवडा कोठेच नाही. संशोधनाचा खर्च औषधाच्या किमतीतून वसूल करायचा, ही रूढ व्यवस्था आहे. आणि बाजाराच्या हिशेबात ज्याचा खिसा रिकामा, त्याची गरज 'मागणी' म्हणून नोंदलीच जात नाही. या व्यवस्थेला १९९५ च्या ट्रिप्स कराराने आंतरराष्ट्रीय कायद्याचे कवच दिले. भारताच्या १९७० च्या कायद्यात औषधाच्या वस्तूला पेटंट नव्हते. २००५ मध्ये तेही द्यावे लागले.

यावर उपाय सुचलाच नाही, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये बंधनकारक आंतरराष्ट्रीय कराराची शिफारस केली. प्रत्येक राष्ट्राने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक रुपया, गरीब देशांना लागणाऱ्या संशोधनावर सरकारी तिजोरीतून खर्चावा, एवढीच अपेक्षा होती. श्रीमंत राष्ट्रांना तेवढेही रुचले नाही. २०१३ च्या आरोग्य सभेत काही प्रात्यक्षिक प्रकल्पांवर बोळवण झाली.

मात्र सारे खापर जिनिव्हावर फोडणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. 'सर्च' संस्थेच्या बंग दांपत्याने ऐंशीच्या दशकात गडचिरोलीत सिकलसेलची पाहणी केली. लोकांना तो आपला प्रश्न वाटलाच नाही. त्याचे कुतूहल संशोधकांना होते, अशी कबुली डॉ. अभय बंग यांनी स्वतःच दिली आहे. पुढे लोकांना विचारून विषय निवडले गेले. त्यातून गावातीलच स्त्रियांनी घरोघर नवजात अर्भकांची काळजी घेण्याची पद्धत उभी राहिली. ३९ गावांतील प्रयोगात नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अशा गृहभेटींची शिफारस केली २००९ मध्ये! जंगलातून जिनिव्हाला जाणारी वाट अशी दहा वर्षांची असते. उलट दिशेने पेटंट किती लवकर येते, ते दिसतेच आहे.

म्हणून सिकलसेल गौण ठरतो, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या रोगाचे नावही ऐकलेले नाही, त्यावरचे औषध माणूस मागणार कसे? माहिती देणे शास्त्रज्ञांचे काम, अग्रक्रम ठरवणे लोकांचे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू करून सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी होऊन हाती कार्ड आले आणि औषध आले नाही, तर ती मोहीम शिरगणतीच ठरेल.

पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात भामरागडची वाट तुटते. त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरियाचा साठा किती, हा प्रश्न १९९६ च्या पेसा कायद्याने अधिकार दिलेल्या ग्रामसभांनी विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. त्यासाठी कार्यकर्त्यांनी गावोगाव माडिया भाषेत या रोगाची माहिती द्यावी. आणि २०१२ ची ती शिफारस भारत सरकार आरोग्य सभेपुढे पुन्हा केव्हा मांडणार, हे संसदेत विचारले जावे.