वेशीबाहेर तीन रात्री

मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव, जातधर्म न बघता, गुरं-कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत. घर ज्याचं त्याचंच, पण गावाचं ठरलं की तेही सोडायचं. परतायचं तेही कौल घेऊनच.

आणि आपण? दावे भरताना जो तो आपलीच फाईल बघतो. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने जंगल राखायचं काम ग्रामसभेला दिलंय. तरी रात्री राईत कुऱ्हाड वाजते, ऐकू सगळ्यांना येते, दार कोणी उघडत नाही. आम्हीही नाही उघडलं, खोटं कशाला बोलू!

येत्या ग्रामसभेत राखणीच्या पाळ्या लावू. पहिली रात्र आमची.