भूत कुणाचं?



‘घोस्ट टाउन’ हा शब्द मी पहिल्यांदा एका फोटोखाली वाचला. जर्मन धाटणीचा बंगला, रंग उडालेल्या भिंती आणि दारातून घुसलेली छातीएवढी वाळू. खाली नाव: कोल्मनस्कोप, नामिबिया. म्हटलं, भुताचं गाव म्हणता, ठीकाय. पण भूत कुणाचं? गावकुसाबाहेर वाढलेल्याला हा प्रश्न शिकवावा लागत नाही.

शब्दाचा अर्थ सरळ आहे. ज्या धंद्यावर गाव वसलं तो आटला, माणसं उठून गेली, घरं तेवढी उरली. आपण त्याला ओसाड गाव म्हणतो. पण दुष्काळानं ओसाड पडलेलं गाव वेगळं आणि मालकांनी माल उपसून फेकून दिलेलं गाव वेगळं.

१९०८ साली झकारियस लेवाला हा काळा रेल्वे कामगार रुळावरची वाळू फावड्यानं ओढत होता. एक खडा चमकला. गडी आधी किंबर्लीत राबलेला, हिरा ओळखला त्यानं. नेऊन दिला जर्मन साहेबाला, ऑगस्ट श्टाऊखला. श्टाऊख गडगंज झाला. लेवालाला काय मिळालं? काही नाही. साधं बक्षीससुद्धा नाही.

मग वाळवंटात गाव उठलं. नाचघर, बर्फाचा कारखाना, इस्पितळ. इस्पितळात एक्स-रे यंत्र. कशाला? मजुरानं हिरा गिळला का, तेही त्यात बघायचे! हे ओवांबो मजूर करारावर आणलेले, गोऱ्यांहून संख्येनं जास्त, ठेवलेले वेगळ्या बराकीत. मी पाहिलेल्या एकाही फोटोत ती बराक नाही. नाचघर मात्र दर वेळी.

आणि तो रूळ घातला कुणी? १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजेनं हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. पकडलेल्या बाया-माणसांना ल्युडरिट्झच्या शार्क बेटावर डांबलं. त्या कैद्यांना जुंपून ही रेल्वे बांधली. काम करता करता माणसं मेली. म्हणजे गाव वसायच्या आधीच तिथं भुतं होती, दोस्तांनो. १९५६ साली शेवटचा माणूस गेला तेव्हा नाही झालं ते भुताचं गाव.

दक्षिणेला जास्त हिरे सापडले, कंपनी तिकडं सरकली, एवढंच.

जर्मन सरकारनं या संहाराला वंशसंहार म्हटलं ते २०२१ साली. तोवर कोल्मनस्कोपला प्रवासी येऊन वाळूचे फोटो काढतच होते. आणि शार्क बेटावर? तिथं सहलीला आलेल्यांसाठी तंबू ठोकायची जागा केली.